बेरीज सोळा रुपयांनी चुकली तेव्हा: एका वाचनालयाच्या स्कॅनिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं, शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय. गावातली एक शिक्षण संस्था १९२० च्या दशकापासून साठच्या दशकापर्यंत एक मासिक चालवत होती. त्याचे जवळजवळ सगळे अंक बांधीव खंडांच्या रूपात फक्त याच वाचनालयात उरले आहेत. आकार डेमी, म्हणजे पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. मजकूर खिळ्यांच्या छपाईचा, मधूनमधून आर्ट पेपरवर हाफटोन ब्लॉकचे फोटो, बहुतेक मुखपृष्ठं दोन किंवा तीन रंगांत. सगळं धरून चाळीस हजारांच्या आसपास पानं.

कागद पिवळा पडून कडांना तुटायला लागला होता. काही खंडांना कसर लागली होती. शिक्षण संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून स्कॅनिंगसाठी पैसे दिले आणि काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका व्यावसायिकाला देण्यात आलं. कार्यादेशात कामाचं वर्णन दीड ओळीत होतं: मासिकाचे सर्व अंक स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात द्यावेत, दर प्रति पान. किती डीपीआय (म्हणजे इंचाला किती पिक्सेल), रंगीत की कृष्णधवल, पीडीएफच्या आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) असावं, मूळ स्कॅन कोणाकडे राहतील, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

काम वेळेत झालं. एका पेन ड्राइव्हवर सगळे अंक आले. ऐंशी पानांचा अंक दोन-तीन एमबीत मावत होता. पांढऱ्याशुभ्र पानावर काळी कुळकुळीत अक्षरं, मूळ खंडापेक्षाही वाचायला सोपी. कार्यकारिणी खूश होती, आणि खूश न होण्यासारखं काही दिसतही नव्हतं. फायली व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जात होत्या, त्यामुळे त्या महिन्याभरात गावभर पसरल्या.

अडचण

पहिली तक्रार फोटोंची आली. संस्थेच्या जुन्या मुख्याध्यापकांचा फोटो असलेल्या पानावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता, त्यात पांढऱ्या भेगा. हे समजण्यासारखं होतं. स्कॅन एक-बिटी होता, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एक तर काळा नाही तर पांढरा, मधली करडी छटा नाही. हाफटोन फोटो लहानमोठ्या ठिपक्यांचा बनलेला असतो. ठिपक्यांच्या जाळीपेक्षा स्कॅन पुरेसा बारीक नसला की शेजारचे ठिपके एकमेकांना चिकटतात आणि छायेचा भाग सपाट काळा होतो. फोटोंची पानं थोडी आहेत, ती पुन्हा करून घेऊ, असं ठरलं.

दुसरी तक्रार वेगळ्या जातीची होती. संस्थेचा इतिहास लिहिणारे एक निवृत्त गुरुजी इमारत निधीच्या देणगीदारांची १९३० च्या दशकातली यादी पीडीएफवरून उतरवून घेत होते. यादीखाली एकूण रक्कम छापलेली होती. गुरुजींनी सवयीप्रमाणे बेरीज करून पाहिली, तर ती छापील रकमेपेक्षा सोळा रुपयांनी जास्त भरली.

पहिला संशय अर्थातच तेव्हाच्या छापखान्यावर गेला. जुन्या नियतकालिकांत मुद्रणदोष काही कमी नसत. गुरुजी तशी तळटीप घालून पुढेही गेले असते. पण पुढच्या अंकात चूक दुरुस्ती म्हणून काही छापलेलं दिसेना, म्हणून त्यांनी ग्रंथपाल मॅडमना मूळ खंड काढायला सांगितला. कागदावरची बेरीज बरोबर होती. दोन देणगीदारांच्या नावापुढे छापील खंडात ११ रुपये होते, पीडीएफमध्ये १९.

अंधुक नाही, पुसट नाही, शंका यावी असं नाही. स्वच्छ, रेखीव ९.

कारणाचा शोध

या टप्प्यावर मला तांत्रिक सल्ल्यासाठी बोलावलं गेलं. व्यावसायिकाचं म्हणणं होतं की स्कॅनर जे समोर असतं तेच टिपतो, आकडा बदलणं त्याच्या हातात नाही. त्यांनी हे प्रामाणिकपणे सांगितलं असं आजही वाटतं. आकडा स्कॅनरने बदलला नव्हता, दाबणीने, म्हणजे फाइल लहान करण्याच्या पद्धतीने, बदलला होता.

पीडीएफ ही खरं तर पेटी आहे. आत पानाचं चित्र जेपेग, जेपेग २०००, फॅक्सवाली ग्रुप ४ किंवा जेबिग२ अशा कोणत्याही पद्धतीने ठेवलेलं असू शकतं, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. पॉपलर या मुक्त सॉफ्टवेअर संचात पीडीएफइमेजेस नावाचं अवजार आहे, ते प्रत्येक पानावरच्या चित्राची यादी देतं. यादीतल्या दाबणीच्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द होता: जेबिग२.

जेबिग२ हे २००० साली आलेलं, फक्त एक-बिटी पानांसाठी बनवलेलं मानक. दाबणी जबरदस्त. तिची युक्ती अशी की पानावरचे काळे तुकडे वेगळे काढायचे, एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचे आणि बाकीच्या ठिकाणी फक्त त्या साठवलेल्या नमुन्याचा क्रमांक लिहायचा. हे काटेकोरपणेही करता येतं. पण सैल पद्धतीत 'एकसारखं' ठरवताना थोडा फरक चालवून घेतला जातो. १ ची गाठ शाईने भरलेली असेल, टाइप बारीक असेल आणि शेजारच्या ओळीत ९ असेल, तर आज्ञावलीला दोन्ही एकच वाटू शकतात. मग १ च्या जागी ९ चा नमुना बसतो, आणि तो जसाच्या तसा, सुबक.

हा धोका जगाला नवा नव्हता. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकशास्त्रज्ञ डाव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर एका घराचा नकाशा स्कॅन केला, तेव्हा १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटरच्या तीन वेगवेगळ्या खोल्या स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ दाखवत होत्या. कारण हेच, जेबिग२ मधली नमुना-बदली. कंपनीला नंतर यंत्रांसाठी सुधारणा काढावी लागली.

आमच्या पानावर पुरावा शोधणं सोपं होतं. देणगीदारांची यादी आठपट मोठी करून पाहिली. यादीतल्या अनेक ९ च्या शेपटीला उजवीकडे एकाच जागी, एकाच आकाराची खाच होती, पिक्सेलला पिक्सेल जुळणारी. खिळ्यांच्या छपाईत हे होऊच शकत नाही. प्रत्येक ९ साठी वेगळा खिळा, प्रत्येकाची झीज वेगळी, शाई वेगळी बसते, कागदाचा पोत वेगळा. दोन ठसे हुबेहूब सारखे दिसले तर त्यातला एक नक्की ठसा नव्हे.

मग साहजिक प्रश्न आला: आकड्यांत असं झालं, तर मजकुरात किती? घ आणि ध, म आणि भ, प आणि ष यांत तर अंतर फारच थोडं. तिथे आम्हाला देवनागरीने बरंच वाचवलं. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं, म्हणजे प्रत्येक अक्षर हा वेगळा काळा तुकडा. देवनागरीत शिरोरेषा अख्खा शब्द एकत्र बांधते, त्यामुळे तुकडा म्हणजे शब्द. आणि दोन वेगळे शब्द चुकून एक समजले जाणं बरंच अवघड. आकड्यांना मात्र शिरोरेषा नाही. प्रत्येक आकडा उघडा, एकटा. म्हणजे बदलला तर नेमका जो भाग संदर्भाने ताडून पाहता येत नाही तोच बदलायचा. वाक्यात 'घर' चं 'धर' झालं तर वाचणाऱ्याला खटकतं. ११ चं १९ झालं तर कोणाला खटकणार? गुरुजींनी बेरीज केली म्हणून कळलं.

हा नियम सगळ्या खंडांना सारखा लागू नव्हता. खिळे झिजलेल्या वर्षांमध्ये अक्षरांच्या मधे शिरोरेषा तुटलेली आहे, तिथे अक्षरंही सुटी पडतात. अनुस्वाराचा ठिपका तर नेहमीच सुटा असतो. अशा पानांवर मजकुरावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नव्हता.

पर्याय

सर्वांत सोयीचा मार्ग होता मूळ स्कॅनमधून पीडीएफ नव्याने बांधून घेण्याचा. व्यावसायिकाकडे मूळ स्कॅन नव्हते. काम सुपूर्द झाल्यावर जागा मोकळी केली होती, आणि कार्यादेशात ते राखायला कोणी सांगितलंच नव्हतं. असते तरी एक-बिटीच असते, त्यामुळे फोटोंचा प्रश्न सुटला नसता.

दुसरा मार्ग काहीच न करण्याचा: पीडीएफच्या पहिल्या पानावर सूचना टाकायची. कार्यवाहांचा कल इकडे होता, आणि पैसे संपले होते हे पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. तिसरा मार्ग निवडक पानांचा: फोटो, याद्या, जमाखर्च, निकालपत्रकं, पंचांगाची पानं एवढीच पुन्हा स्कॅन करायची. कागदावर हा स्वस्त दिसला. पण अशी पानं ओळखायला कोणीतरी चाळीस हजार पानं चाळायलाच हवी होती, आणि खंड एकदा उघडून पाळण्यावर, म्हणजे उघडं पुस्तक आधार देऊन धरणाऱ्या चौकटीवर, ठेवला की शेजारचं पान टिपायला काही सेकंदच लागतात. खरा खर्च खंड हाताळण्याचा असतो. म्हणून चौथा मार्ग, सगळंच पुन्हा करणं, वाटला होता तेवढा महाग नव्हता. महाविद्यालयाने दोन विद्यार्थ्यांना कमवा आणि शिका योजनेतून द्यायचं कबूल केलं, वरून टिपणारा बुक स्कॅनर भाड्याने मिळाला आणि कार्यकारिणीने होकार दिला.

मग चर्चा फायलीच्या प्रकारावर आली. कार्यवाहांचा प्रश्न रास्त होता: "अहो, मोबाइलमधले सगळे फोटो जेपेगच असतात ना? मग जेपेगने काय बिघडतं?"

उत्तर बोलून देण्यापेक्षा करून दाखवणं बरं, म्हणून तीन पानं निवडली: बारीक टाइपातली देणगीदारांची यादी, आर्ट पेपरवरचा एक हाफटोन फोटो आणि एक रंगीत मुखपृष्ठ. तिन्ही एकदाच बिनदाबणीचे स्कॅन केले आणि त्याच स्कॅनवरून वेगवेगळ्या प्रकारांत जतन केले.

जेपेग हे १९९२ सालचं मानक, छायाचित्रांसाठी बनवलेलं. ते चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत तोडतं आणि प्रत्येक चौकटीतला बारीक तपशील डोळ्याला कळणार नाही अशा बेताने टाकून देतं. चेहरा, आकाश, झाडं यांत हे खपून जातं. अक्षराची कड मात्र एकदम काळ्यातून पांढऱ्यात जाते, आणि तिथेच चौकटीला सगळ्यात जास्त ओढाताण होते. ४०० डीपीआयला आठ पिक्सेल म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. बारीक टाइपातला अनुस्वार तेवढ्याच मापाचा. मध्यम दर्जाच्या जेपेगमध्ये यादी मोठी करून पाहिली, तर अक्षरांभोवती चिलटं घोंगावावीत तसे करडे ठिपके दिसत होते आणि दोन-चार अनुस्वार आजूबाजूच्या करड्यात विरघळले होते. दर्जा ९० च्या वर नेला तर फरक जवळजवळ दिसेना. पण हा आकडाही फसवा: दर्जाचा ९० प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच अर्थ सांगत नाही. शिवाय जेपेग उघडून, पान अर्ध्या अंशाने सरळ करून, कापून पुन्हा जेपेगमध्येच जतन केलं की तोच तोटा नव्याने होतो. चाळीस हजार पानांवर किमान एकदा तरी हे होणार होतं.

एक गोष्ट जेपेगच्या बाजूने सांगायलाच हवी. जेपेग बिघडवतो तेव्हा बिघडलेलं दिसतं. ते १ चा ९ करत नाही, १ ला मळकट करतं. वाचणारा सावध होतो. आधीच्या पीडीएफचं दुखणं उलटं होतं, ती स्वच्छ दिसून खोटं सांगत होती.

जीआयएफ आणि बीएमपी यांवर वेळ गेला नाही. जीआयएफ १९८७ चं, जास्तीत जास्त २५६ रंग. त्यातल्या एलझेडडब्ल्यू दाबणीच्या पेटंटवरून नव्वदच्या दशकात वाद झाला आणि त्यातूनच १९९६ मध्ये पीएनजी आलं, एवढाच त्याचा इथे संबंध. बीएमपीत फायदा काही नाही.

पीएनजी मात्र खरा प्रतिस्पर्धी होता. काहीही न गमावता दाबतं, कुठल्याही संगणकावर आणि फोनवर उघडतं, पेटंटची कटकट नाही, डीपीआयची नोंदही आत राहते. करड्या छटांचं पान बिनदाबणीपेक्षा बरंच लहान झालं. जुन्या कागदाचा रवाळ पोत दाबला जात नाही, त्यामुळे नव्या छपाईवर होते तेवढी बचत झाली नाही, पण झाली. माझं स्वतःचं मत असं की छोट्या संस्थेने मूळ प्रतींसाठी पीएनजी निवडलं तर त्यात फारसं चुकत नाही.

जेपेग २००० तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात देखणं. तरंगिका (वेव्हलेट) नावाच्या गणिती पद्धतीवर आधारित, एकाच मानकात तोटा असलेली आणि नसलेली अशी दोन्ही दाबणी, शिवाय त्याच फायलीतून लहान चित्र पटकन काढता येतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वृत्तपत्र प्रकल्पात प्रत्येक पानाची टिफ, जेपेग २००० आणि पीडीएफ अशी तिन्ही रूपं मागितली जातात. पण तिथे सर्व्हर आणि तो सांभाळणारी माणसं आहेत. इथे ग्रंथपाल मॅडमच्या संगणकावर फाइल दोनदा टिचकी मारून उघडली नाही, आणि चर्चा तिथेच थांबली. जी फाइल सांभाळणाऱ्यालाच उघडता येत नाही ती तपासलीही जात नाही.

उरलं टिफ. १९८६ मध्ये आल्डस कंपनीने आणलेलं, १९९२ पासून सहाव्या आवृत्तीवर स्थिरावलेलं. जुनं, जड आणि त्याच कारणाने भरवशाचं. ग्रंथालयं आणि अभिलेखागारं मूळ प्रतीसाठी वर्षानुवर्षं तेच वापरत आली आहेत.

निर्णय

इथे एक हिशेब सगळ्यांना फळ्यावर मांडून दाखवला, कारण 'टिफ फार मोठी होते' एवढंच सगळ्यांनी ऐकलं होतं. साडेपाच बाय साडेआठ इंच, ४०० डीपीआय: २,२०० गुणिले ३,४००, म्हणजे सुमारे ७५ लाख पिक्सेल. करड्या छटांत पिक्सेलला एक बाइट, पान साडेसात एमबीचं. रंगीत असेल तर तिप्पट, साडेबावीस एमबी. एक-बिटी असेल तर बिनदाबणीचंही एक एमबीच्या आत. चाळीस हजार पानं करड्या छटांत ३०० जीबी, रंगीत ९०० जीबी. दोन्ही आकडे एका साध्या दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर मावणारे.

ठरलं असं. मूळ प्रत आणि वाचनप्रत वेगळ्या ठेवायच्या. मूळ प्रत टिफ, बिनदाबणीची, मजकुराची पानं करड्या छटांत ४०० डीपीआय, मुखपृष्ठं आणि आर्ट पेपरची पानं रंगीत ६०० डीपीआय. टिफमध्ये एलझेडडब्ल्यू दाबणीही चालते आणि ती काही गमावत नाही. तरी बिनदाबणी ठेवली, कारण डिस्कवर एखादा बिट खराब झाला तर बिनदाबणीत एक पिक्सेल जातो, दाबलेल्या फायलीत पट्टाच्या पट्टा जाऊ शकतो, आणि जागेची अडचण नव्हतीच.

वाचनप्रत म्हणजे पीडीएफ, आत चांगल्या दर्जाचं करडं जेपेग आणि मागे टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ओळखलेला मराठी मजकूर, शोधण्यापुरता. संकेतस्थळावर सुट्या चित्रांसाठी वेबपी सुचवलं गेलं. २०१० मध्ये गूगलने आणलेलं, जेपेगपेक्षा लहान होणारं, आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालणारं. पण इथला वाचक चित्र उतरवून घेतो ते स्मरणिकेत छापायला, आणि गावातल्या डीटीपीवाल्याकडचं जुनं कोरलड्रॉ वेबपी घेत नाही. जेपेगच ठेवलं. रेषाचित्रं, व्यंगचित्रं आणि संस्थेचं बोधचिन्ह यांना पीएनजी: सपाट काळ्यापांढऱ्यात ते जेपेगपेक्षा लहान होतं, कडा साफ राहतात आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. संस्थेच्या निमंत्रणपत्रिकांवर केशरी रंगात बोधचिन्हाभोवती पांढरा चौकोन दरवर्षी का येतो, याचं उत्तर कार्यवाहांना अनायासे मिळालं. जेपेगमध्ये पारदर्शकतेची सोयच नाही.

अंमलबजावणी

पहिल्याच संध्याकाळी गडबड सापडली. विद्यार्थ्यांनी दाखवलेल्या फायलींच्या नावामागे टिफचाच प्रत्यय होता, पण एकेक फाइल एक एमबीच्या आसपास. हिशेबाने साडेसात हवी होती. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये टिफ निवडल्यावर आत आणखी एक खाचाखोचांचा पडदा होता आणि तिथे दाबणी म्हणून जेपेग आधीपासून निवडलेलं होतं. टिफ हीसुद्धा पेटीच. तिच्या २५९ क्रमांकाच्या खुणेत दाबणीचा प्रकार लिहिलेला असतो: १ म्हणजे बिनदाबणी, ४ म्हणजे ग्रुप ४ फॅक्स, ५ म्हणजे एलझेडडब्ल्यू, ७ म्हणजे जेपेग. आमच्या फायलींत ७ होता. आदल्या दिवशी फळ्यावर हिशेब मांडला नसता तर 'टिफ आहे ना, झालं' म्हणून पुढे गेलो असतो.

त्याच पडद्यावर आणखी दोन गोष्टी आपोआप चालू होत्या. एक हाफटोनची जाळी पुसणारी, जी फोटोंना मऊ करते पण त्याच झटक्यात मजकुराच्या कडाही बोथट करते. दुसरी कागदाचा पिवळेपणा उडवून पान पांढरं करणारी. दोन्ही बंद केल्या. जाळी पुसायची तर वाचनप्रतीत पुसा, मूळ प्रतीत नाही.

मग काम मार्गी लागलं. फायलीच्या नावात वर्ष, महिना, पान, याच क्रमाने, म्हणजे नावावरून लावल्या तरी अंकाच्या क्रमाने लागतात. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या फायलींचे चेकसम (फाइल नंतर बदलली तर ते पकडून देणारे आकडे) काढून यादीत, आणि मूळ प्रतींचा फोल्डर फक्त वाचण्यासाठी खुला. पान सरळ करणं, कापणं, उजळ करणं हे सगळं नकलेवर. तीन डिस्क: एक वाचनालयात, एक महाविद्यालयात, एक परगावी राहणाऱ्या विश्वस्तांकडे.

निष्पत्ती

देणगीदारांची यादी नव्या प्रतीत ११ रुपये दाखवते आणि बेरीज जुळते. मुख्याध्यापकांच्या फोटोत आता चष्म्याची काडी दिसते.

याद्या, जमाखर्च आणि पंचांगाची पानं जुन्या पीडीएफशी ताडून पाहिली. आणखी बदललेले आकडे सापडले, मुख्यतः बारीक टाइपातल्या तक्त्यांत, १ आणि ९ यांच्यात सगळ्यात जास्त. सलग मजकुरात, जिथे शिरोरेषा धड आहे, तिथे नमुन्यादाखल तपासलेल्या पानांवर बदल आढळला नाही. झिजलेल्या खिळ्यांच्या वर्षांत काही अनुस्वारांच्या जागी लगतच्या शाईच्या डागाचा आकार बसलेला मिळाला. त्याने अर्थ बदलत नव्हता, पण ते छापखान्याने छापलेलं नव्हतं एवढं नक्की.

जुन्या पीडीएफ परत गोळा करता आल्या नाहीत. त्या लोकांच्या फोनवर आहेत आणि एका कुटुंबाने आजोबांच्या स्मरणार्थ काढलेल्या पुस्तिकेत १९ रुपयांचा आकडा छापूनही झाला आहे. नव्या पीडीएफच्या नावात 'सुधारित' असा शब्द घातला आणि वाचनालयाच्या फलकावर कारण लिहिलं. त्यापुढे हातात काही नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

कार्यादेशात चार वाक्यं जास्त असती तर दुसरं स्कॅनिंग करावंच लागलं नसतं: करड्या छटांचे किंवा रंगीत मूळ स्कॅन टिफ किंवा पीएनजीत द्यावेत, दाबणीत काही गमावलं जाऊ नये, पीडीएफमध्ये सैल जेबिग२ वापरू नये, आणि पहिले दोन अंक पसंत पडल्यावरच पुढचं काम सुरू करावं. व्यावसायिकाला यातलं काहीच जड नव्हतं. त्यांनी लहान फाइल दिली कारण लहान फाइलचं कौतुक होतं.

पसंतीही नीट करायला हवी होती. पहिल्या खेपेला पीडीएफ प्रोजेक्टरवर लावून सगळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि प्रोजेक्टरवर सगळंच छान दिसतं. एखादं आकड्यांचं पान कागदाशेजारी धरून आकडा न् आकडा ताडला असता, किंवा फोटोचं एकच पान पाहिलं असतं, तरी पुरलं असतं.

करड्या छटांच्या निर्णयाबद्दल मात्र माझं मत आता बदललं आहे, आणि तो निर्णय बैठकीत सर्वानुमते झाला होता. अनेक पानांवर वाचनालयाचा जांभळा शिक्का मजकुरावर उमटलेला आहे, काही ठिकाणी जुन्या संपादकांनी निळ्या पेन्सिलने खुणा केल्या आहेत. रंगीत स्कॅनमध्ये शिक्क्याचा रंग वेगळा काढून खालचा मजकूर वाचता येतो. करड्यात शिक्का आणि अक्षर एकाच करड्याचे होऊन बसतात, टेसरॅक्ट तिथे अडखळतं आणि खुणा कोणत्या शाईतल्या हेही कळत नाही. रंगीतसाठी ६०० जीबी जास्त लागले असते, म्हणजे तीच डिस्क. बैठकीत आम्ही फायलीच्या आकाराकडे बघत राहिलो, आणि पान उलटणाऱ्या माणसांची मजुरी दोन्हीकडे सारखीच होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. शिक्क्याची पानं आता रंगीत घ्यायची का, यावर अजून एकमत नाही. स्कॅनर परत गेला आहे.

आणि एक प्रश्न फायलीच्या प्रकाराने सुटणारा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती. त्या वर्षांचे दोन खंड हलक्या, ठिसूळ कागदावर छापलेले आहेत. पहिल्या स्कॅनिंगच्या वेळी ते सपाट काचेवर दाबले गेले आणि त्यांची शिवण सुटली. आता ते उघडले की पानाच्या कडेचे तुकडे हातात येतात. त्यांची जुनी एक-बिटी पीडीएफ हीच एकमेव प्रत आहे. ती संग्रहात ठेवली आहे, पहिल्या पानावर अशा सूचनेसह: 'या प्रतीतील आकडे मूळ खंडाशी ताडून पाहिल्याशिवाय उद्धृत करू नयेत.' मूळ खंड मात्र दुरुस्ती होईपर्यंत वाचकाला देता येत नाही, आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च कार्यकारिणीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.